मार्गशीर्षातली पाटी

सोमवार
दुसरीला 'बावन्न' सांगितलं, अर्ध्या पाट्यांवर २५ उमटले. खोडायच्या आधी विचारलं. एक पोरगी म्हणाली, "बावन्नात आधी दोनच येतो की, सर." ऐकलं तसं तिनं लिहिलं होतं. मराठीत एकवीसच्या पुढं एकक आधी बोलतो आणि दशक नंतर; लिहिताना क्रम उलटा. सीमेपलीकडं तेलुगूत दशकच आधी म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! एकवीस, बावीस पुस्तकात होतेच, कुणी काढले नव्हते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची ही अडचण परोपरीनं सांगत होत्या. दुसरीच्या वर्गात चार दिवस बसलेल्या कुणालाही त्यांचं म्हणणं पटेल.

तुराट्यांचे बोटभर तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधले. बावन्न म्हटलं की आधी पाच गठ्ठे उचलायचे, मग दोन सुट्या काड्या. हाताला क्रम कळला, तशा दुपारपर्यंत बऱ्याच पाट्या सुधारल्या. एकोणपन्नासला मात्र अजून ५९ च लिहितात. 'एकोण' म्हटलं की नऊ, एवढं पाठ आहे; पुढं पन्नास ऐकू येतात. एक कमी करायचा, हे कानाला कसं कळावं? उद्या पाच गठ्ठ्यांतून एक काडी काढायला लावीन.

मंगळवार
माळेगावची यात्रा. खंडोबा आपल्याच तालुक्यातला, तेव्हा निम्मा वर्ग तिकडं. काडी काढायचं राहिलं.

बुधवार
पोरं परतली ती घोडे, गाढवं, पाळणे सगळं डोक्यात घेऊन. तिसरीचा धडा बाजूला ठेवला. ती सांगत गेली, मी फळ्यावर लिहीत गेलो, शब्द त्यांचेच. 'मामानं घोड्याचे दात बघितले. मग भाव केला.' एरवी अक्षर-अक्षर जुळवत अडखळणारा मुलगा ही दोन वाक्यं सरळ वाचून गेला. ती त्याचीच होती. मग त्यातला 'घो' त्यानं धड्यात शोधला, आणि सापडला. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. समजून वाचण्याची सुरुवात अशी होताना मी पाहिली आहे.

गुरुवार
हजेरी ३६. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम. चौथीनं काट्यावर ३ किलो ६०० ग्रॅम मोजून दिला. दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पटावर नावं आहेत, पण दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयत्याबरोबर गेलेल्या पोरांच्या जागा रिकाम्या आहेत. जाताना शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे फडाजवळच्या शाळेनं त्यांना बसवून घ्यावं. पोर नेमकं कुठं अडलंय तेही तिथं कळायला हवं. म्हणून सोबत चिठ्ठी दिली: 'दोन अंकी बेरीज येते. हातचा विसरतो. ओरडू नये, काड्या द्याव्यात.' कुणी वाचली असेल का, हा विचार अधूनमधून छळतो.

शुक्रवार
पहिली. तक्त्यावर 'आ', शेजारी आईचं चित्र. तांड्यावरचं पोर चित्रावर बोट ठेवून म्हणालं, "याडी." बरोबरच आहे, त्याच्या घरच्या गोरमाटीत आईला तीच हाक. चित्रावरून 'आ' कळावा असं तक्त्याला वाटतं, पण याच्या तोंडी तर 'या' येतो. भाकरीच्या चित्राला त्यानं 'बाटी' म्हटलं. दोन्ही शब्द खडूनं चित्राखाली लिहिले आणि त्यांच्याशेजारी मराठी शब्द. पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून २०२५ मध्ये महाराष्ट्र पेटला होता, जूनअखेर शासन निर्णय मागं घेतले गेले. तिसरी भाषा कोणती, यावर पुष्कळ बोलणं झालं. या पोरासाठी शाळेतली मराठीच दुसरी भाषा आहे, आणि त्याला ती हवी आहे, पण गोरमाटी गप्प करून नव्हे. गप्प झालेलं पोर चुकत नाही, त्यामुळं त्याचं काय अडलं तेही कळत नाही.

शनिवार
सकाळची शाळा, दप्तराविना. तांड्यावरचीच चौथीतली एक मुलगी पहिलीत बसवली. तिनं कोल्ह्याची गोष्ट आधी गोरमाटीत सांगितली, मग मराठीत. दुसऱ्या खेपेला पहिलीची पोरं तिच्या आधीच पुढचा शब्द मराठीत सांगू लागली, काही चुकीचे, काही बरोबर. सगळे टिपून घेतले. सोमवारी आधी एकोणपन्नासची काडी, मग हिचा तास.