खिशातले पिस्तूल आणि कॅलिबरचा आकडा

१/
२८ जून १९१४, सारायेव्हो : आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या. ३० जानेवारी १९४८, दिल्ली : महात्मा गांधींची हत्या. पहिले पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे मॉडेल १९१०, दुसरे इटलीच्या बेरेट्टाचे मॉडेल १९३४. दोहोंतील काडतूस मात्र एकाच जातीचे : .३८० एसीपी, म्हणजेच ९ मिमी शॉर्ट.

२/
खिशात बाळगायच्या आखूड नळीच्या शस्त्रांची चर्चा निघाली की याच काडतुसाला अनेक जण आजही ‘अपुरे’ ठरवतात. .३८० घ्यावे, ९ मिमी घ्यावे, की जुने .३८? पुरेशी गोळी कोणती, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची उत्तरे कुठे आणि कोणाच्या देहावर शोधली गेली, त्याविषयी हा धागा.

३/
प्रथम आकड्यांचा अर्थ. कॅलिबर म्हणजे गोळीचा किंवा नळीचा व्यास, अशी समजूत असते. .३८० आणि ९ मिमी पॅराबेलम यांच्या गोळ्यांचा व्यास सारखाच, सुमारे ०.३५५ इंच. ‘.३८ स्पेशल’ची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचांची, तिचे नाव जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या काळातून तसेच चालत आले. नावे तीन, वाद तीन. व्यासातील अंतर मात्र केसाच्या जाडीहूनही कमी.

४/
खरा भेद पुंगळीत आणि तिच्यातील दाबात आहे. .३८० ची पुंगळी १७ मिमी, पॅराबेलमची १९ मिमी. पण पॅराबेलमचा दाब बराच अधिक आणि गोळीही जड. .३८ स्पेशलची पुंगळी तब्बल २९ मिमी. कारण ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, काळ्या दारूला पुष्कळ जागा लागत असे त्या काळातील.

५/
मोठा आकडा म्हणजे मोठे बळ, हेही खरे नाही. रेमिंग्टन कंपनीचे दुनळी डेरिंजर १८६६ ते १९३५ या काळात बनत होते. त्याचे कॅलिबर .४१, पण गोळीचा वेग सेकंदाला जेमतेम १३० मीटर. ब्राउनिंगच्या .३२ एसीपीची गोळी वजनाने जवळजवळ निम्मी. तरी वेगामुळे तिची ऊर्जा त्या.४१ च्या दुपटीहून अधिक भरते.

६/
आखूड नळीत वेगाचा प्रश्न अधिक बिकट होतो. दारूच्या वायूला गोळी ढकलायला अंतर कमी मिळते. दोन इंची रिव्हॉल्व्हरमध्ये काही दारू नळीबाहेरच जळते : झोत मोठा, आवाज मोठा, वेग कमी. शिवाय चक्र आणि नळी यांच्यामधील फटीतून वायू निसटतो. तुलना करताना आणखी एक भान हवे : पिस्तुलाच्या नळीची लांबी काडतुसाच्या खणासह मोजतात, रिव्हॉल्व्हरची चक्र वगळून.

७/
जॉन ब्राउनिंग यांनी खिशाला मावेल तेच काडतूस घडवले. ७.६५ मिमी (१८९९), ६.३५ मिमी (१९०५), .३८० (१९०८). सपाट, हलकी, लपणारी पिस्तुले जगभर पसरली. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंगच झाडले. भरल्या नाट्यगृहात नेता येणे, हाच त्या शस्त्राचा निर्णायक गुण होता.

८/
सैन्यांचा प्रश्न वेगळा होता. फिलिपिन्समध्ये मोरो योद्धे .३८ लाँग कोल्टच्या गोळ्या लागूनही थांबत नाहीत, अशी अमेरिकी सैन्याची तक्रार होती. म्हणून १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर, तसेच मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या. निष्कर्ष : .४५ हून लहान गोळी नको. त्यातून १९११ चे प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल आले. आपल्याच भूमीवर लढणाऱ्या मोरोंची त्या इतिहासात नोंद उरली ती ‘न थांबणारे लक्ष्य’ म्हणून.

९/
पण ‘मारणे’ आणि ‘थांबवणे’ एक नव्हे. ६ सप्टेंबर १९०१ रोजी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना .३२ च्या लहान रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. जखम चिघळून आठ दिवसांनी ते गेले. १४ ऑक्टोबर १९१२ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत त्याहून मोठी, .३८ ची गोळी शिरली. वाटेत चष्म्याची धातूची डबी आणि भाषणाची जाड घडी आली. गोळी अंगात असतानाच ते तासाहून अधिक वेळ बोलले.

१०/
११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक. एका ९ मिमी गोळीने दरोडेखोराचा दंड भेदला, ती छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढत राहिला. दोन अधिकारी मरण पावले. पुढे एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच शिरकावाची अट घातली. आधी १० मिमी, मग .४०, आणि गोळ्यांची रचना सुधारल्यावर पुन्हा ९ मिमी, असा तो प्रवास झाला.

११/
आखूड नळीपुरता निष्कर्ष असा : पसरणाऱ्या टोकाच्या गोळीला पसरण्यासाठी वेग लागतो, आणि नळी तोच हिरावून घेते. .३८० पसरली तर खोल जात नाही, खोल गेली तर पुरेशी पसरत नाही. ९ मिमीला दोन्ही बऱ्यापैकी साधते. पण हलक्या शस्त्रात तिचा धक्का हाताला सोसवेनासा होतो आणि दुसरी गोळी चुकते. .३८ या दोहोंच्या मधोमध.

१२/
सारायेव्हो आणि दिल्ली येथे मारेकरी अवघ्या काही पावलांवर होता आणि समोरची व्यक्ती निःशस्त्र. तिथे .३८० ‘पुरेसे’ ठरले, याचे श्रेय काडतुसाला देता येत नाही. मॅकिन्ली, रूझवेल्ट, नाशिक, मायामी : प्रत्येक ठिकाणी अंतर, अडथळा आणि देहाची जागा यांनी निर्णय दिला. म्हणून एखाद्या हत्येच्या नोंदीत कॅलिबर वाचले, तर पुढचा प्रश्न विचारावा : नळी किती लांब होती, आणि माणूस किती जवळ उभा होता?

(धागा समाप्त) #इतिहास #मराठी