थबकणारी नाडी

आमचें घराणें कर्जतचें. रायगडांतल्या नव्हे, तर नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या, गोदड महाराजांच्या कर्जतचें. आमचे आजोबा वैद्य होते. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीची चाल सापासारखी, बेडकासारखी, हंसासारखी अशी जी वर्णिली आहे, ती आम्हां मुलांस परवच्याबरोबरच पाठ झाली होती. थांबून थांबून चालणारी नाडी त्याच ग्रंथांत प्राणघातक म्हटली आहे. आजोबांच्या हाताखालीं औषधें कुटलेल्या आमच्या वहिनींस हें पक्कें ठाऊक होतें. पुढील सारा घोळ त्यांतूनच उद्भवला.

गेल्या वर्षीं आमच्या वडील बंधूंच्या हृदयावर पुण्यास शस्त्रक्रिया झाली. वय ६७, तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. पायांतील शीर काढून रक्तास नवी वाट करून द्यावयाची होती. आदल्या दिवशीं रक्त तपासलें, त्यांत बीएनपी नांवाच्या द्रव्याचा आंकडा बराच चढा निघाला. १९८८ सालीं जपानी संशोधकांस हें द्रव्य प्रथम डुकराच्या मेंदूंत सांपडलें, म्हणून त्याच्या इंग्रजी नांवांत मेंदू येऊन बसला. वस्तुतः ताण पडला म्हणजे हृदयाचे स्नायूच तें मुख्यत्वें रक्तांत सोडतात. डॉक्टरांनीं आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें, "अशा शस्त्रक्रियेनंतर शेंकडा २५ ते ३० रोग्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरूं लागतात, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत. यांचा आंकडा चढा आहे, वयहि झालें आहे, तेव्हां आम्ही अधिक लक्ष ठेवूं. परंतु एका आंकड्यावरून निश्चित कांहींच सांगतां येत नाहीं."

शेवटचें वाक्य आमच्या कानांत शिरलेंच नाहीं. सुशिक्षित माणूस रक्ताचा कागद पत्रिकेसारखा वाचतो, आणि आम्हींहि शनीची दृष्टि पाहावी तसा तो आंकडा पाहिला. (शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचा आंकडा अगदीं निर्दोष होता, त्यांचा ताल दुसऱ्याच दिवशीं सुटला, हें पुढें कळलें.) मग आम्हां पुरुषमंडळींची व्हरांड्यांत मसलत होऊन ठरलें कीं, वहिनींस यांतलें कांहीं सांगूं नये, उगाच घाबरतील.

तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास वहिनी उशाशीं बसल्या होत्या. संवयीनें त्यांनीं बंधूंचें मनगट धरलें आणि नाडी चालतां चालतां थबकली. पुन्हां धांवली, पुन्हां थबकली. त्या ओरडल्या नाहींत. सिद्धटेकचा अंगारा त्यांनीं बंधूंच्या कपाळीं लावला व तशाच बसून राहिल्या. पडद्यावरील वेडीवांकडी रेघ पाहून परिचारिका आली, डॉक्टर आले. रक्तांतील पोटॅशियम व मॅग्नेशियम पाहून तीं भरून काढलीं, शिरेंतून ॲमिओडेरोन सुरू केलें, आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ताल पूर्ववत् झाला. हा विकार बहुतेकांचा कांहीं दिवसांत वा आठवड्यांत शमतो. मात्र थरथरत्या कप्प्यांत रक्त सांचून गुठळी झाली व ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, म्हणून तो हंसण्यावारी नेण्याजोगाहि नव्हे. रक्त पातळ ठेवणारें औषध बंधूंस कांहीं आठवडे घ्यावें लागलें.

सकाळीं वहिनींनीं आम्हांस एकच विचारलें, "भावजी, तुम्हांला हें आधींच ठाऊक होतें ना?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आजोबांच्या काळीं ही नाडी कोणाची व कां थबकली हें कळण्यास साधन नव्हतें. आमच्यापाशीं होतें, आणि ज्या माणसाचा हात त्या मनगटावर होता त्यालाच आम्हीं तें सांगितलें नव्हतें. चार रोग्यांमागें एकाचें असें होतें, एवढें जरी त्यांच्या कानीं घातलें असतें, तरी त्यांनीं अंगाऱ्याच्या आधीं परिचारिकेस हांक मारली असती.

बंधू आतां कर्जतास परतले आहेत. वहिनी रोज सकाळीं घड्याळ समोर ठेवून पुरा एक मिनिट त्यांची नाडी मोजतात व दिनदर्शिकेवर आंकडा टिपतात. चहा निवतो म्हणून बंधू कुरकुरतात. आम्ही गेलों कीं वहिनी पाण्याचा तांब्या ठेवण्याआधीं तें पान आमच्यापुढें करतात.