साऱ्या वाटा आणि एक अर्धा र

मे महिन्यात चंद्रपूरला जाऊ नये, हे चंद्रपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तरी गेलो. घरचा जुना पीसी वारला होता. हार्ड डिस्क तेवढी शाबूत होती, आणि तिच्यातली एक फाईल मला काहीही करून उघडायची होती.

तर मंडळी, आधी त्या फाईलचा इतिहास. बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून रिटायर झाले. नोकरीतली बरीच वर्षं आलापल्लीकडच्या जंगलात गेली. त्यांचे सगळे पासवर्ड एका डायरीच्या मागच्या पानांवर असायचे. तीन वर्षांपूर्वी मी सिक्युरिटीवरचे चार लेख वाचून शहाणा झालो होतो. तयार पासवर्ड मॅनेजर ढिगाने मिळत असताना बाबांसाठी सी मध्ये स्वतःच एक लिहून काढला. (इंजिनिअरला हा रोग असतोच.) मास्टर पासवर्डवरून अर्गॉन-2 ने किल्ली बनवायची आणि तिने सगळी तिजोरी कुलूपबंद करायची. अर्गॉन-2 म्हणजे 2015 ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेला अल्गोरिदम, तेव्हा कुलूप पक्कं होतं. बाबांना ऐटीत म्हटलं, "आता ती डायरी फाडून टाका." ते शिस्तीचे. त्यांनी बारीक तुकडे केले आणि पाणी तापवायच्या बंबात घातले.

आता जुना पीसी गेला. फाईल माझ्या लॅपटॉपवर आणली, प्रोग्राम नव्याने कंपाइल केला, बाबांनी पासवर्ड सांगितला आणि मी टाइप केला.

"मास्टर पासवर्ड चुकीचा आहे."

हा मेसेज मीच लिहिलेला. पाचव्यांदा वाचताना फार उद्धट वाटला.

बँकेचे पासवर्ड काय, शाखेत खेटे घालून बदलता येतात. पण नोंदींच्या रकान्यात बाबांनी आईच्या औषधांपासून शेताच्या धुऱ्याच्या वादापर्यंत काय काय लिहून ठेवलं होतं. त्याची दुसरी प्रत नव्हती. बॅकअप? त्याच डिस्कवर. हसू नका.

मग मी बोलायला नको ते बोललो. "बाबा, तुम्ही विसरला असाल." मागच्या दिवाळीपासून ते चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, असं दोनदा विचारायला लागले आहेत. घरात त्यावर कोणी उघड बोलत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा शांतपणे म्हणाले, "मी नाही विसरलो. तुझा कॉम्प्युटर विसरला असन." आणि पेपर घेऊन ओसरीवर जाऊन बसले.

रात्री सगळे झोपल्यावर कूलरसमोर डीबगिंगला बसलो. पहिला संशय पीसी 32 बिट आणि लॅपटॉप 64 बिट, यावर. फाईलचं हेडर वाचताना आकड्यांचे आकार बदलले असतील? नाही, तिथे सुदैवाने ठरावीक आकाराचे टाइप वापरले होते. मग संशय कंपायलरवर. जुना प्रोग्राम विनाऑप्टिमायझेशन कंपाइल केला होता, नवा 'ओ-टू' लावून. (आपल्या कोडमध्ये बग सापडला नाही की कंपायलरवर ढकलायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. बहुतेक वेळा चूक आपलीच निघते.) केन थॉम्पसनचं 1984 मध्ये छापून आलेलं ते ट्युरिंग पुरस्काराचं भाषण आठवलं. कंपायलरमध्येच चोरवाट पेरली तर लॉगिन प्रोग्रामचा सोर्स कितीही तपासा, ती दिसणार नाही. रात्री दोन वाजता असल्या गोष्टी फार खऱ्या वाटतात.

ऑब्जडम्प लावून मशीन कोड काढला आणि झोप उडाली. किल्ली बनवून झाली की पासवर्डची जागा शून्यांनी पुसायला मी मेमसेट लिहिलं होतं. नव्या प्रोग्राममध्ये ते नव्हतंच! कंपायलरने गाळून टाकलं होतं.

आणि हे नियमाला धरून होतं. पाटी लगेच कचऱ्यात जाणार असेल तर ती पुसायची कशाला, असा त्याचा हिशेब. पुसल्यानंतर ती जागा कोणी वाचतच नाही, म्हणजे ते लिहिणं 'मृत'. याला डेड स्टोअर एलिमिनेशन म्हणतात. गंमत म्हणजे इथे चंद्रपुरातच फायनल इयरला आम्ही फ्लेक्स-बायसन वापरून एक पिटुकला कंपायलर केला होता आणि त्यातला हा भाग माझा होता! आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर सरांच्या जीसीसीवरच्या स्लाइड्स आणि 2009 चं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसचं पुस्तक समोर ठेवून केला होता. व्हायव्हात छाती फुगवून सांगितलं होतं, "सर, निरुपयोगी स्टेटमेंट आमचा कंपायलर आपोआप काढतो." निरुपयोगी कुणासाठी, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

यावर उपाय आहेत. जीलिबसीमध्ये 2017 पासून एक्स्प्लिसिट-बीझीरो आहे आणि सी-23 मध्ये खास यासाठी मेमसेट-एक्स्प्लिसिट आलं. ते भोक बुजवलं. तिजोरी मात्र उघडली नाही ती नाहीच.

सकाळी चहाच्या वेळी पुन्हा बसलो. या खेपेला बाबा शेजारी उभं राहून माझी बोटं बघत होते. पासवर्ड होता 'आलापल्लीच्या साऱ्या वाटा पाठ'. (आता बदलला आहे, म्हणून सांगतो.) 'साऱ्या'शी आलो तसे ते म्हणाले, "थांब. तू तीन-तीन बटणं कायले दाबून राहिला? तो र एका बटणात येते. शिफ्ट आणि जे."

हात थांबला. बाबा ऑफिसातल्या बाबूंकडून इनस्क्रिप्ट शिकलेले. मी फोनेटिकवाला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे वर 'ऱ' आहे, स्वतंत्र अक्षर. त्याला हलन्त जोडला की 'साऱ्या'तला तो आडवा अर्धा र मिळतो. मी मात्र साधा र, हलन्त आणि वर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर देत होतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत, पहिली इस्कीला धरून आणि दुसरी युनिकोड 2.0 च्या जुन्या मजकुरासाठी. पण बाइट मोजा. बाबांचा सहा, माझा नऊ. तीन बाइट वेगळे म्हणजे अख्खी किल्ली वेगळी.

लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट चालू केलं आणि खुर्ची बाबांना दिली. त्यांनी न अडखळता एकदाच टाइप केलं. उघडली!

आई स्वयंपाकघरातून "झालं का रे?" म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. मी "सॉरी बाबा" म्हटलं, ते त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुपारभर दुरुस्ती. 2017 च्या आरएफसी 8265 मध्ये पासवर्ड आधी एनएफसी रूपात आणायला सांगितलंय. त्याने र आणि नुक्ता मिळून झालेला ऱ एक होतो, पण जॉइनरवाला वेगळाच राहतो. तो बदलायला चार ओळी हाताने लिहिल्या. इंग्रजीत पासवर्ड ठेवला असता तर हे झालंच नसतं, असं कोणी म्हणेल. म्हणो. चांद्यापासून बांद्यापर्यंत लोक 'साऱ्या' लिहितात, प्रोग्रामला ते कळायला हवं.

बाबांनी नवा पासवर्ड ठेवला तो मला सांगितला नाही. संध्याकाळी ट्रॅव्हल्सवर सोडायला आले तेव्हा वाटेत स्टेशनरीच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि जाड पुठ्ठ्याची एक डायरी घेतली. मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर म्हणाले, "राहू दे."