थंड केलं की सुटतं

जैवतंत्रज्ञानाची पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका पॉलिमर प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी दाखल झाले. पेशी वाढवता येतात, एवढंच माझं भांडवल होतं. विषय मिळाला, काचेवर 'पॉलिमर ब्रश' तयार करणे. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबलचक साखळी. अशा असंख्य साखळ्यांचं एकेक टोक पृष्ठभागाला पक्कं बांधलं आणि त्यांची दाटी वाढवली, की आडवं पसरायला जागा उरत नाही. मग त्या वरच्या दिशेने ताणल्या जातात. हाच ब्रश. मी तो बघायला सूक्ष्मदर्शक मागितला. पीएच.डी. करणारी ताई शांतपणे म्हणाली, "अगं, जाडी वीस-तीस नॅनोमीटर. यात नाही दिसायचा." नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

मला वाटलं होतं, तयार साखळ्या आणायच्या आणि चिकटवायच्या. तसंही करतात, पण आधी चिकटलेल्या साखळ्या नंतरच्यांची वाट अडवतात आणि ब्रश विरळ राहतो. म्हणून काच प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, स्वच्छ करायची, तिच्यावर सिलेन या काचेला पक्क्या धरणाऱ्या संयुगाचा थर द्यायचा आणि त्यावर बी पेरावं तसा 'इनिशिएटर', म्हणजे साखळीची सुरुवात करून देणारा रेणू, बसवायचा. मग साखळी जागच्या जागी, रेणूला रेणू जोडत वाढते. तांब्याच्या क्षाराच्या मदतीने चालणाऱ्या या क्रियेला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, त्यामुळे आधी द्रावणातून बराच वेळ नायट्रोजन सोडावा लागतो. एवढं करून काच धुतली, तर ती होती तशीच दिसत होती. सोबत ठेवलेली सिलिकॉनची चकती एलिप्सोमीटरखाली, म्हणजे परावर्तित प्रकाशावरून जाडी मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवली, तेव्हा कुठे थर आल्याचं कळलं.

आमचं पॉलिमर होतं पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड. हे नाव मला सलग म्हणता येईना. सगळे 'पीनिपाम' म्हणतात. ते साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या खाली पाणी धरून फुगतं आणि त्याच्या वर पाणी सोडून आकसतं. मला हे उलटं वाटत होतं, कारण बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात. ताईने समजावलं, की साखळीभोवतीचे पाण्याचे रेणू एका रचनेत अडकलेले असतात. तापमान वाढलं की ते मोकळे होतात आणि साखळी स्वतःलाच बिलगते. मग तिने तापवलेल्या काचेवर आणि थंड काचेवर पाण्याचा एकेक थेंब ठेवला. थंड काचेवर तो जास्त पसरला. फरक माझ्या अपेक्षेपेक्षा कमीच होता. चीनमधल्या संशोधकांचा २००४ सालचा निबंध वाचल्यावर कारण उमगलं. पीनिपामच्या सपाट पृष्ठभागावर थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन (तो जितका लहान, तितका थेंब पसरलेला) २५ अंश तापमानाला सुमारे ६३ अंश होता आणि ४० अंश तापमानाला सुमारे ९३. पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केल्यावर तोच कोन शून्यापासून जवळजवळ १४९ अंशांपर्यंत गेला. रसायन तेच, फरक पाडला तो खडबडीतपणाने.

पुढचा भाग पेशींचा, म्हणून माझ्या ओळखीचा होता. वाढलेल्या पेशी बशीतून सोडवायला आम्ही ट्रिप्सिन वापरतो. ते पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं कापतं, पण त्याबरोबर पेशींचे आपसातले दुवेही तुटतात. टोकियोत तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० च्या सुमारास पॉलिस्टायरिनच्या बशीवर, इलेक्ट्रॉनांच्या झोताने, पीनिपामचा पातळ थर बसवला. ३७ अंशांना पेशी त्यावर चिकटून वाढतात. बशी २० अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी पितो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा अलगद सुटतो. मला वाटलं, थर जितका जाड तितकं काम चांगलं. तसं नाही. त्या बशीवर २० नॅनोमीटरच्या आसपास पेशी चिकटतात. ३० च्या जवळ गेलं तर त्या चिकटतच नाहीत.

२००४ मध्ये जपानमध्ये कोहजी निशिदा आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या तोंडातल्या आतल्या अस्तराच्या पेशी अशाच बशीत वाढवल्या आणि तो पापुद्रा त्यांच्या खराब झालेल्या बुबुळावर, एकही टाका न घालता, बसवला. चौघांचीही दृष्टी लक्षणीय सुधारली. जीवशास्त्राच्या मुलांनो, पॉलिमरचा धडा ऑप्शनला टाकू नका.