हिक्कीमहून आलेले कार्ड

साताऱ्यातल्या एका शाळेत बाबांनी ३२ वर्षे भूगोल शिकवला. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ते फळ्यावर हिमालय काढायचे. पांढऱ्या खडूची शिखरे, तपकिरी खडूच्या रांगा आणि फळ्याच्या तळाशी निळ्या खडूचा टेथिस समुद्र. "आज जिथं बर्फ आहे, तिथं एके काळी समुद्र होता," हे वाक्य मी वर्गात एकदा आणि घरी शंभरदा ऐकले आहे. मात्र दिल्लीच्या वर बाबा कधीच गेले नव्हते. आधी आम्हा भावंडांची शिक्षणे, मग घराचे हप्ते, मग आईचे गुडघे. हिमालय आपला फळ्यावरच राहिला.

गेल्या सप्टेंबरात मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि साताऱ्याला फोन केला. "बाबा, स्पितीला जायचं का? परतताना चंद्रताल करू आणि मनालीला उतरू." पलीकडे काही वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "चंद्रतालाचं पाणी चंद्रेला मिळतं. तांदीला तिला भागा मिळते. पुढे तीच चिनाब." हा होकार होता, हे मला कळले. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मला इथं जिना चढवत नाही, तिथं काय डोलीतून नेणार?"

बाबा ६७ वर्षांचे आहेत, पण रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात. त्यामुळे त्यांच्या तब्येतीची मला जराही काळजी वाटली नाही. माझी पहिली चूक ही. विरळ हवा माणसाचा दमसास विचारत नाही. रोज व्यायाम करणाऱ्यालाही ती तेवढाच त्रास देते, कधी जास्तच, कारण असा माणूस थांबत नाही. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. स्पितीचे मुख्य गाव काझा त्याच्या दुपटीहून उंच आहे, सुमारे ३,६५० मीटर. तिथे गल्लीत राहणारा माणूससुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोन हजार मीटर वर राहतो.

तरी तयारी मी अगदी पुस्तकी केली होती. मनालीकडून एकदम वर न चढता सिमल्याकडून हळूहळू जायचे, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढू द्यायची नाही, काझ्यात दोन रात्री काढायच्या, असे सारे कागदावर मांडले होते. (असल्या सूचना आमच्या साप्ताहिकात मी स्वतः छापल्या आहेत.) पण रामपूरच्या पुढे दरड कोसळली आणि रस्ता दीड दिवस बंद राहिला. तो वेळ भरून काढण्यासाठी मी नाकोचा मुक्काम गाळला आणि काझ्याच्या दोन रात्रींची एक केली. ही दुसरी चूक, आणि ती पूर्णपणे माझी.

काझ्याहून लांग्झाला निघालो त्या सकाळी बाबा गप्प होते. मला वाटले, समोरचे दृश्य पाहून गप्प झाले. तसे दृश्य होतेच. झाड नाही, झुडूप नाही, नुसते राखी आणि गेरवे डोंगर, आणि त्यांच्या अंगावर वाऱ्याने केलेल्या सुरकुत्या. मध्येच जवाच्या आणि वाटाण्याच्या शेताचा एखादा हिरवा-पिवळा तुकडा. तिथे शेतीला पावसाचा भरवसा नाही. वरचे बर्फ वितळून येणारे पाणी मैलोन् मैल पाटाने आणतात. या पाटाला 'कूल' म्हणतात. कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचे हे गावच ठरवते. ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडते, त्या वर्षी उन्हाळ्यात वाटाणा वाळतो, असे आमचा चालक सांगत होता. तो तिथलाच मुलगा. रस्त्यातला प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा.

लांग्झा सुमारे ४,४०० मीटरवर आहे. दोनेक डझन घरे, मातीच्या पांढऱ्या भिंती, सपाट धाब्यावर रचलेले सरपण. गावावर एक मोठी बुद्धमूर्ती आणि तिच्या मागे च्याउ च्याउ कांग निल्दा नावाचे सहा हजार मीटरहून उंच शिखर. सामान ठेवून आम्ही गावाबाहेरच्या उतारावर गेलो. बाबा खाली वाकले आणि त्यांनी एक काळा गोटा उचलला. गोट्यावर चक्रासारखी वळी होती. समुद्रातल्या जिवाचा ठसा, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. अमोनाइट.

मी बाबांना रडताना फार वेळा पाहिलेले नाही. त्या दिवशीही ते रडले असे मी म्हणणार नाही. वारा फार होता. ते गोटा तळहातावर धरून उभे राहिले. मग म्हणाले, "फळ्यावर मी हा समुद्र नेहमी खाली काढला. तो इथं वर आहे."

आईच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम याच जातीचा. तो नेपाळातल्या गंडकीच्या पात्रातून येतो आणि आमच्याकडे तुळशीच्या लग्नात नवरदेव होऊन मिरवतो. एवढ्यात दोन मुले असेच दगड विकायला घेऊन आली. मी पर्स उघडणार तोच बाबांनी अडवले. "प्रत्येकानं एकेक नेला तर पुढच्या मास्तरानं काय पाहायचं?" हातातला गोटाही त्यांनी जिथला तिथे ठेवला, आणि मुलांना आपल्या पिशवीतली चिक्की दिली.

तिथून हिक्कीमला गेलो. इथे १९८३ पासून टपाल कार्यालय आहे, आणि जगातले सर्वांत उंच म्हणून त्याची ख्याती आहे. टपाल पिशवीत भरून काझ्याला जाते आणि तिथून बसने खाली उतरते. हिवाळ्यात बर्फाने वाट अडली की सारेच थांबते. मी कचेरीतल्या मैत्रिणींना चार कार्डे लिहिली. बाबांनी एकच लिहिले, आईला. हाताने झाकून लिहीत होते, परीक्षेतल्या मुलासारखे. मी चेष्टा केली, "बाबा, प्रेमपत्र वाटतं?" ते नुसते हसले.

पुढे कोमिक. तिथल्या पाटीवर ४,५८७ मीटर आणि 'मोटाररस्त्याने जोडलेले जगातील सर्वांत उंच गाव' असे लिहिले आहे. असा दावा करणारी गावे आणखीही आहेत, पण पाटीखाली उभे राहून वाद घालण्याइतका श्वास कोणाकडे उरत नाही. मठाच्या पायऱ्यांशी बाबा म्हणाले, "तू जाऊन ये. मी ऊन खातो." ऊन खाणारे बाबा मी आजवर पाहिले नव्हते. तेव्हाच मला कळायला हवे होते.

रात्री मुक्कामाला लांग्झ्यात आलो. आमच्या यजमानीणबाईंनी चुलीभोवती बसवले, थुक्पा वाढला, लोण्याचा खारट चहा दिला. एवढ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ शिजवायची तर कुकरला पर्याय नाही, आणि तोही किती शिट्ट्या घेईल ते सांगता येत नाही. मी बाईंशी कुकरच्या गप्पांत रंगले होते. त्यांचे लक्ष मात्र माझ्या मागे होते.

"बाबूजी ने कुछ खाया नहीं," त्या म्हणाल्या.

वाडगा भरलेलाच होता. बाबा म्हणाले, भूक नाही, झोपतो. दहाच्या सुमाराला ते उठून बाहेर गेले, आणि मला ओकारीचा आवाज आला. मी धावले. भिंतीला धरून उभे होते. "काही नाही, पित्त झालंय." बाईही मागोमाग आल्या होत्या. त्यांनी बॅटरी जमिनीवर धरली आणि बाबांना सांगितले, या फटीवरून सरळ चालून दाखवा, टाचेला बोट लावून. तिसऱ्या पावलाला बाबा कलंडले. बाईंनी मला काही विचारले नाही. त्यांनी चालकाला हाक मारली, "गाडी निकालो. नीचे."

तो तासाभराचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळोख. बाबांचे डोके माझ्या खांद्यावर. ते मध्येच म्हणाले, "घंटा झाली का?" मी म्हटले, नाही बाबा, अजून तास चालू आहे. चालकाने आरशात माझ्याकडे पाहिले आणि वेग थोडा वाढवला.

काझ्याच्या रुग्णालयात बोटाला यंत्र लावले तर आकडा आला ६८. ताबडतोब प्राणवायू सुरू केला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारले, "सिरदर्द कब से है?" मुखवट्याआडून बाबा म्हणाले, "आज शाम से." गोळ्या घेत होतात का, यावर बाबांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली. सिमल्याहून निघताना आमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या मी त्यांना मोजून दिल्या होत्या. त्यांनी दोनच घेतल्या होत्या. त्या गोळ्यांनी लघवीला फार होते आणि दर अर्ध्या तासाने गाडी थांबवायला सांगायची त्यांना लाज वाटली.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. ते म्हणाले, हल्ली असे रुग्ण वाढले आहेत. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीची बाजू फार सोपी झाली. दोन हजार मीटरवर नाश्ता करून निघालेला माणूस संध्याकाळी चार हजारांच्या वर चंद्रतालच्या तंबूत झोपतो. डोके दुखू लागले की तिथेच थांबावे, वर जाऊ नये, आणि तोल जाऊ लागला तर रात्र असो की दिवस, खाली उतरावे. याला दुसरे औषध नाही. "आपको किसने कहा रात में उतरने को?" मी यजमानीणबाईंचे सांगितले. ते म्हणाले, "उन्होंने बचा लिया."

सकाळपर्यंत आकडा वर आला होता आणि बाबा ठीक बोलू लागले होते. पहिला प्रश्न, "मग चंद्रताल?"

वाटेत कुंझुमची खिंड, साडेचार हजार मीटर. माझे उत्तर ऐकून ते म्हणाले, "तू जाऊन ये. मी इथं राहतो." मी तेव्हा त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात प्रथमच, आणि तेही दवाखान्यात, चार लोकांदेखत. "तुम्हाला काही झालं असतं तर आईला मी काय सांगितलं असतं?" ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुपारी ताबोला उतरलो आणि दोन दिवस तिथेच राहिलो. ९९६ साली बांधलेला मातीचा मठ. आत जवळजवळ अंधार, छतातून येणारा उजेडाचा एक पट्टा, आणि तो सरकेल तसतशी भिंतीवरची चित्रे एकेक करून दिसतात. आम्ही दोघे तास तास बसायचो, पण फारसे बोलत नव्हतो. परतीच्या वाटेवर नाकोला थांबलो. गावातच एक लहानसे तळे आहे, भोवती विलो आणि पॉप्लरची झाडे, पाण्यात पिवळी पाने. बाबा काठावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चंद्रताल नव्हे. पण पाणी स्वच्छ आहे." आमचा अबोला तिथे सुटला.

साताऱ्यात आल्यावर जो भेटेल त्याला मी सांगत सुटले, बाबांना एकाएकी त्रास झाला, अगदी तासाभरात. बाबाही मान डोलवायचे. पुढे मी मुंबईला परतले.

ऑक्टोबरात एका शनिवारी घरी गेले, तर आईने मला स्वयंपाकघरात बोलावले. डब्याखालून एक कार्ड काढले. "परवाच आलंय. तुला सांगू नको असं लिहिलंय, म्हणून मी सांगत नाही. तू वाच."

बाबांचे फळ्यावरचे अक्षर:

"सौ. हिस, तुझ्या शाळिग्रामाचे भाऊबंद आज शेतात पडलेले पाहिले. टेथिसच्या तळावर उभा आहे, ४,४०० मीटरवर. काल दुपारपासून डोके फार दुखते, रात्री झोप नाही. पोरीला बोललो नाही. ती लगेच मागे फिरवील. रजा आणि पैसा घालून तिने आणले आहे. परवा चंद्रताल झाला की सांगेन. तोवर तू तिला सांगू नकोस."

मी ते तीनदा वाचले. आई पोळ्या लाटत होती, तिने वर पाहिले नाही. मी कार्ड घेऊन गच्चीवर गेले. बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिले आणि झारी खाली ठेवली.

"आलं वाटतं," ते म्हणाले. "किती दिवस लागले?"

"चोवीस."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी शर्टाला हात पुसले, चष्मा लावला आणि कार्डासाठी हात पुढे केला. "शिक्का नीट उमटलाय का, बघू."