शून्य आणि रिकामी चौकट

नवी मुंबईतल्या माझ्या वर्गात दोन आयेशा शेख आहेत. मोहम्मद हे नाव तर मुलं चार तऱ्हांनी लिहितात: मोहम्मद, मोहंमद, मोहमद, नुसतं एमडी. गुगल फॉर्म्सवर चाचणी घेतली की गुण आपोआप मिळतात. पण ते माझ्या गुणपत्रकाच्या शीटमध्ये न्यायचे, तर कुणाचे गुण कुणाचे हे जुळवावं लागतं. त्यासाठीचं व्ही-लुकअप हे सूत्र फक्त अक्षरं बघतं. नावापुढे एक जादा स्पेस पडली तरी त्याला ते मूल सापडत नाही. ईमेलवरून जुळवावं, तर तीन भावंडांत अब्बूंचा एकच फोन.

म्हणून फॉर्ममध्ये पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवते, तोही सक्तीचा. तरी दोन-चार ओळी जुळत नाहीतच. तिथे शून्य टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. पण हिशेब बघा. 8, 9, 7 आणि एक रिकामी चौकट, शीट सरासरी काढते 8. त्याच चौकटीत 0 लिहिला की 6.

शून्य म्हणजे मुलीला काही आलं नाही. रिकामी चौकट म्हणजे आम्हाला अजून माहीत नाही. ज्या घरात मुलीचं शिक्षण दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं, तिथे हे दोन गुण फार महाग पडतात.

न जुळलेल्या ओळी मी पिवळ्या करते आणि दुसऱ्या दिवशी एकेकीला जवळ बोलावून विचारते. गुणपत्रक त्यानंतरच पुढे जातं.