जीपचा टप

जीपचा टप हा मुळात काढता येण्यासाठीच असतो. ही गाडी दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेची विलीज. समोरची काच बॉनेटवर पालथी पडते, मागची नळ्यांची कमान निघते, कॅनव्हास गुंडाळला की वर नुसतं आभाळ. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत या गाड्या जोडायला घेतल्या आणि त्या आमच्या माणदेशापर्यंत पोचल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर साहेब असल्याच उघड्या जीपमधून यायचा. आबा, म्हणजे माझे वडील, हातोडा खाली ठेवून गाडीकडं बघत राहायचे. चौदा वर्षांनी त्यांनी लिलावातली एक जुनी सीजे थ्री बी आणली. इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच, स्टिअरिंग डाव्या हाताला.

आता आबा शहाऐंशीचे. मळा दोन मैलांवर. चालवत नाही, मोटारसायकलवर बसवत नाही. राहिली जीप. पण पावसासाठी आम्ही काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत दोन्ही अंगाला आडव्या नळ्या जोडून घेतल्या होत्या. त्यांच्याखालून वाकून आत शिरायचं. आबांची कंबर वाकत नाही. टप काढावा, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांच्या डोळ्याला ऊन सोसत नाही. पुण्याचा पोरगा फोनवर म्हणाला, "दादा, विकून टाका. हौशी लोक चांगली किंमत देतात." आबांनी ते ऐकलं. बोलले काही नाहीत, पण त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी टप उतरवला. पुढचा निम्मा भाग उघडला की झालं, एवढंच डोक्यात होतं. उजव्या अंगाची नळी दोन्ही टोकांना कापली, टोकं जाड नळीच्या तुकड्यांत बसवली आणि नांगराला घालतो तशा पिना घातल्या. पिन उपसली की नळी हातात.

कापड बदलायचं ठरलं. बायको म्हणाली, "रेक्झिन घ्या, पुसायला सोपं." पण रेक्झिन उन्हानं तडकतं. सुती कॅनव्हासचं तसं नाही. भिजला की सूत फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. मात्र कोरा कॅनव्हास पहिल्या पाण्यात आटतो. म्हणून तो आधी हौदात भिजवला, वाळवला, मगच कापला. बाजारातल्या कुशनवाल्यानं शिवून दिला. पुढची कड काचेच्या चौकटीवरून खाली चार बोटं येईल अशी ठेवली आणि वारा खालून शिरू नये म्हणून तिच्या दुमडीत लोखंडी पट्टी घातली. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेच्या दोन कड्या काढून चौकटीला ठोकल्या. कडी दाबली की कापड ताणून बसतं.

पहिल्याच वळवात मधोमध पाण्याचं तळं साचलं. मी खालून हातानं ढकललं, तर सगळं पाणी बॉनेटवर. आबा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "छकड्याला छप्पर घालताना काय करत होतो आपण? कांब घाल की."

कळकाची कांब फोडली, तासली, पाण्यात ठेवून वाकवली. कापडाला आतून नेफा शिवून त्यात ओवली, टोकं दोन्ही नळ्यांवर टेकवली. मधे उंचवटा आला आणि पाणी दोन्ही अंगांनी खाली जायला लागलं. टप मागं सारायचा तर कांबही कापडासकट मागच्या कमानीला जाऊन टेकते. वाकवण्याचा अंदाज आबांचा. मी फक्त हात चालवले.

आता सकाळी कड्या सोडतो, पिन उपसतो, टप मागं सारतो. आबा काचेची चौकट धरून उभ्यानंच पाय आत टाकतात, सीटवर टेकतात, मग वर सावली ओढायची. पाच मिनिटं जातात. मळ्यात विहिरीत किती पाणी आहे ते बघतात, ज्वारीच्या कणसावरून हात फिरवतात, गड्याला दोन शब्द बोलतात.

परवा संध्याकाळी परत निघताना मी सवयीनं टप पुढं ओढायला गेलो. आबा म्हणाले, "राहू दे उघडा. ऊन उतरलंय."